साहेबांनी पास केलेलं ताट

“आई, आजोबा छोटे व्हायला लागलेत.”

तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन माझ्या मुलीने मला ही बातमी दिली. मुलगी चार वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. एकदा पाहिलं की कारण विचारावं लागत नाही. मी म्हटलं, “आधी थुंक, मग बोल.” ती थुंकली आणि म्हणाली, “खरंच गं. मी मोठी होतेय, ते छोटे होतायत. मग एक दिवस आम्ही सारखे होणार. मग मी त्यांचा शर्ट घालणार.”

मला इतकं हसू आलं की मी ते जसंच्या तसं घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. परगावी राहणाऱ्या नणंदेने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे रांगेने पाठवले. नवऱ्याने ऑफिसातून लाल हृदय पाठवलं. आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या खुद्द आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगठा पाठवला. विषय संपला. मी पोरीचं तोंड पुसलं आणि कामाला लागले.

आता कुणी म्हणेल, बाई बेफिकीर असेल. छे! काळजी हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदाही तोच म्हणा: मी घरी बसून एका विमा कंपनीकडे आलेले दावे तपासते. लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि कुठे काय जुळत नाही ते हुडकायचं. पुरात वाहून गेलेला सोफा नंतरच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसतो का, हे बघणारी जी बाई असते, ती मी. भिंगरी झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघते. द्राक्ष चिरून देते. नवरा म्हणतो, “तुझ्या नजरेतून डाससुद्धा सुटत नाही.” माझ्या आईला कौतुक कमी. ती म्हणते, “पोरीला जरा धडपडू दे गं. सारखी काय पहारा देतेस?”

पहारा द्यायला कारण होतं. भिंगरीचं खाणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. घास तोंडात जायचा, पण तिथून पुढे सरकायचा नाही. गालात भाड्याने राहायचा. चमच्याचं विमान करून झालं, आगगाडी करून झाली, मी स्वतः जमिनीवर बसून मांजर होऊन झालं. मग कुठेतरी वाचलं की लाल ताटलीत मुलं जास्त खातात. लगेच लाल ताटली आणली, कप्प्यांची. आणि काय सांगू! बघता बघता पोरगी जेवायला लागली. ताटली चाटूनपुसून लख्ख. गाल वर आले, फ्रॉकच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या. बालवाडीच्या फाटकापाशी मी बाकीच्या आयांना लाल ताटलीवर प्रवचनं झोडायला लागले. निम्म्या गल्लीने लाल ताटल्या घेतल्या.

त्याच टेबलावर, त्याच वेळी, दुसरं ताट बाबांचं असायचं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, यंत्रांच्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकी होते. सासूबाई त्याच कॅन्टीनमध्ये कूपनच्या खिडकीत बसायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि आम्ही बाबांना आमच्याकडे घेऊन आलो. येताना त्यांनी एक बॅगभर कपडे आणले आणि एक लांब दांड्याचं लोखंडी उलथनं. ते आमच्या कुठल्याच ड्रॉवरमध्ये मावेना. “राहू दे गं, लागलं तर बघू,” म्हणाले. मी ते माळ्यावर टाकलं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “बाबा, जेवण आवडलं का?” तर त्यांनी मलाच शिकवलं.

“असं विचारायचं नसतं, पोरी. माणसं तोंडावर ‘छान होतं’ म्हणतात आणि निम्मं टाकून जातात. मी उष्ट्या ताटांच्या खिडकीपाशी उभा राहायचो. ताटं परत यायची ना, ती बघायचो. बटाटा परत आला की कच्चा राहिला. भात परत आला की रस्सा कमी पडला.”

“आणि सगळंच परत आलं की?”

“मग घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं. तोंडात मारल्यासारखं होतं बघ. स्वयंपाक्याला शिवी दिलेली चालते, भरलेलं ताट परत दिलेलं नाही चालत.”

मला हे फार पटलं. माणूस सांगतो त्यावर जाऊ नये, पुरावा बघावा, हे तर माझ्याच धंद्यातलं तत्त्व. तेव्हापासून मी विचारणं सोडलं आणि ताटं बघायला लागले.

म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी लवकर जेवावं असं मी वाचलं होतं. म्हणून दिवेलागणीलाच खिडकीजवळच्या लहान टेबलावर आजोबा-नातीची पंगत बसवायचे. बाबांना पहिलं, गरम, ताजं, मानाने. बिनतेलाचं, बेताच्या मिठाचं, मऊ. भोपळ्याचं सूप, गुरगुट्या भात, उकडलेल्या भाज्या. वाढून दिलं की मी स्वयंपाकघरात पळायचे, कारण आमचं जेवण अजून गॅसवर असायचं आणि लॅपटॉपवर कुणाचा तरी सोफा वाहत असायचा. टेबलावरून दोघांची कुजबुज ऐकू यायची, खुसखुस ऐकू यायची. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघावं तर दोन्ही ताटं आरशासारखी. काय समाधान वाटायचं! एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही पोटभर जेवलेले.

बाबा उन्हाच्या दिवसांतही स्वेटर घालायला लागले, तेव्हा मी म्हटलं, वयामुळे थंडी वाजत असेल. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सुटी हलायला लागली, तेव्हा वाटलं, शर्टच ढगळ आहे. त्यांच्या खोलीतून ठक ठक आवाज यायचा, तर मी समजायचे, नातीला काहीतरी खेळणं करून देतायत. बघा हं, प्रत्येक गोष्ट मला दिसली होती. फक्त प्रत्येकीला मी स्वतंत्र सही करून मंजुरी दिली होती.

मग एका सकाळी धुवायला टाकलेल्या त्यांच्या पँटमधून पट्टा काढताना माझा हात थांबला. पट्ट्याला मुळातली भोकं होतीच, सरळ रेषेत. त्यांच्या पुढे आणखी भोकं होती. वाकडीतिकडी, खिळ्याने पाडलेली. शेवटचं तर पाठीच्या मणक्यापर्यंत पोचेल की काय असं वाटत होतं.

“ते आम्ही केलंय!” मागून भिंगरी अभिमानाने म्हणाली. “मी पट्टा धरला, आजोबांनी ठोकलं. माझं बोट नाही लागलं. मी शूर आहे.”

मी पट्टा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. “बाबा, हे काय?”

त्यांनी पट्ट्याकडे असं पाहिलं जणू तो शेजाऱ्यांचा आहे. “चामडं आहे ते. ताणतं.”

“एवढं?”

“स्वस्तातलं होतं.”

“उठा. डॉक्टरांकडे जायचंय.”

“आज? आज माझे पाय…”

“रिक्षा पायांनी चालत नाही, बाबा. आवरा.”

ते आवरायला गेले. फारच वेळ लावला. मी तेवढ्यात म्हटलं रात्रीच्या सुपासाठी मिरी कुटून ठेवू, तर खल जागेवर आणि बत्ता गायब. भिंगरीला विचारलं तर ती एकदम छताकडे बघायला लागली. तिच्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या. बोलायला मोजक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी पट्टा टेबलावर ठेवला, स्वेटर, कॉलर, सगळं सांगितलं. त्यांनी बाबांना वजनकाट्यावर उभं केलं. बाबा जरा जपूनच चढले, ताठ उभे राहिले, हात मांड्यांना घट्ट चिकटवून. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, जुन्या कागदाशी पडताळला आणि माझ्याकडे वळल्या.

“वजन तर गेल्या खेपेपेक्षा किंचित जास्तच आहे.”

“शक्यच नाही!”

“काटा खोटं बोलतो का, पोरी?” बाबा वरूनच म्हणाले. “सांगत होतो ना, पट्टाच सैल. चला, येऊ का डॉक्टर?”

आणि ते उतरायला वळले. तेवढ्यात त्यांची पँट सरकन एका बाजूने खाली गेली आणि भिंगरी किंचाळली, “आजोबा, बत्ता! बत्ता धरा, पायावर पडेल!”

मग डॉक्टरीणबाईंनी फक्त तळहात पुढे केला, शाळेत बाई चिंच मागतात तसा. बाबांनी उजव्या खिशातून माझा दगडी बत्ता काढून त्यांच्या हातावर ठेवला. डाव्या खिशातून कुलूप निघालं. दुसरं कुलूप निघालं. स्वेटरच्या आतून, छातीपाशी, आमचा इस्त्रीवाला कपडे उडू नयेत म्हणून वर ठेवतो तसला लोखंडी वजनाचा ठोकळा निघाला.

“तो कुठून आणला?” मी ओरडले.

“इस्त्रीवाल्याकडे मागितला. परत देणार होतो.”

“पुन्हा उभे राहा, आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा पुन्हा उभे राहिले. आकडा खाली घसरत गेला, घसरतच गेला. ठोकळा बघून आलेलं हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं होतं. ते काढायचं मी विसरले.

“जेवण कसं आहे?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

“जेवतात हो! मी रोज ताट बघते. अगदी साफ असतं.”

“मी करते साफ!” भिंगरी खुर्चीवर उभी राहिली. “मी तपासणी साहेब आहे.”

मग सगळं बाहेर आलं. बाबांनी तिला सांगितलं होतं की कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मोठे साहेब यायचे, आधी ते चाखायचे, आणि ते ‘पास’ म्हणाले की मगच जेवण लोकांना मिळायचं. तर आजोबांचं ताट कोण तपासणार? साहेब एक घास घ्यायचे. साहेबांना नीट कळायचं नाही. म्हणून दुसरा घास. शेवटी ताट रिकामं झालं की साहेब म्हणायचे “पास!” आणि आजोबा सलाम ठोकायचे. साहेबाचं काम नीट झालं म्हणून लाल ताटलीसुद्धा त्याच जोशात संपायची.

लाल ताटली! मी कपाळाला हात लावला. माझ्या पोरीचे गाल वर आले होते ते सासऱ्यांच्या गालांतून.

“बाबा, अहो मला सांगायचं तरी!”

बाबा खाली बघत राहिले. त्यांच्या हातात आता काहीच नव्हतं, तर ते पट्ट्याच्या भोकांशी खेळायला लागले. “काय सांगायचं? कशालाच चव लागत नाही. ओला पुठ्ठा चघळावा तसं लागतं सगळं. तू एवढं राबून करतेस, पोरी. तुझ्या हातात भरलं ताट परत कसं देऊ? मी ते करणार नाही. आणि जन्मभर हजार माणसांचं मीठ जिभेवर तोललं, आता त्याच जिभेला मीठ कळत नाही, हे कुणाला सांगू?”

“साहेबांना सांगायचं,” भिंगरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बघितली, ती हिरड्यांवर होडीसारखी डुलत होती. औषधांची पाकिटं बघितली आणि एका गोळीवर काट मारली. या गोळीने तोंडाला लोखंडाची चव येते काही जणांना, म्हणाल्या. रक्त तपासायला दिलं. मी म्हटलं, “म्हणजे वयामुळे नाही ना?” तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “वय झालं म्हणून माणूस वर्षभरात असा आटत नाही. वय हे काही आजाराचं नाव नाही. आणि हे बघा, आजोबा, पुढच्या महिन्यात पुन्हा काट्यावर. आणखी खाली गेलात तर मी हॉस्पिटलात टाकणार, नाकातून नळी घालून भरवणार. तिथे साहेब येऊ देत नाहीत.”

नळी म्हटल्यावर बाबांचा चेहरा असा झाला की रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले. नुसती हाडं लागत होती. बत्ता माझ्या पर्समध्ये होता. त्याचंच वजन आधाराला.

रक्ताचे अहवाल फारसे काही म्हणाले नाहीत. गोळी बदलली, कवळी नवी झाली. मला वाटलं, झालं, आता भूक दारात उभी असेल. कुठली हो! आता मी समोर खुर्ची टाकून बसायला लागले. पापणी न लववता. मी एवढी बघते म्हटल्यावर मी दावा खोटा ठरवायलाच बसलेय असं वाटून बाबांना घाम फुटायचा. एक चमचा सूप, मग खिडकीबाहेर बघणं. एक चमचा, मग नॅपकिनची घडी. मी चोरून लोणी घातलं, साय घातली, दुधाची पावडर घातली. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“सुपात दुधाची पावडर.”

“तुम्हाला चव कळली?” मी आनंदाने उडालेच.

“चव नाही. गुठळी कळली. पावडर आधी कोमट पाण्यात मोडायची असते.”

नणंद रोज व्हिडिओ कॉल करून रडायची, “बाबा, माझी शपथ, दोन घास,” आणि बाबा फोन हळूच छताकडे वळवायचे. नवरा कामावरून येताना त्यांना आवडायचं म्हणून काय काय आणायचा, आणि ते फ्रीजमध्ये रांगेत उभं राहायचं. त्यात भर म्हणजे साहेबांची नोकरी गेली होती. आजोबांचं ताट तपासायचं नाही असं मी बजावल्यावर साहेबांनी संप पुकारला. घास परत गालात भाड्याने राहायला आला. आधी निदान एक ताट खरं रिकामं व्हायचं. आता माझ्यापुढे दोन भरलेली ताटं, आणि डॉक्टरांकडची तारीख जवळ येत चाललेली. पट्टा बाबांनी लपवून ठेवला होता. मी तो हुडकून काढायची हिंमत करत नव्हते.

मग एका संध्याकाळी सगळंच फिसकटलं. आमच्या कंपनीत कुणीतरी घोळ घातला आणि माझ्याकडे दाव्यांचा ढीग आला. लॅपटॉपवरून उठता येईना. नवरा लवकर घरी आलेला, भुकेला, स्वयंपाकघरात उगाच झाकणं आपटत. दिवेलागण होऊन गेली तरी टेबल मांडलेलं नाही. शेवटी बाबाच उठले.

“सर बाजूला,” लेकाला म्हणाले. “झाकणं आपटून भात शिजत नाही.”

मी आतूनच ओरडले, “बाबा, तुम्ही कशाला!” तर म्हणाले, “तू तुझे चोर पकड.”

त्यांनी भात टाकला, अंड्यांचा रस्सा केला. मीठ घालताना भिंगरीला ओट्यावर बसवून, चमच्यात फुंकून, “साहेब, बघा बरं, पुरे का अजून?” असं विचारत होते. ही तपासणी कायदेशीर होती, म्हणून मी काही बोलले नाही. मग हाक आली, “चला, पहिली पाळी!” आम्ही तिघं बसलो. ते बसले नाहीत. पळी घेऊन उभे. लेकाला वाढलं, मला वाढलं, साहेबांना वाढलं. “अजून घे. लाजतोस काय, घर तुझंच आहे.” मी तोंड उघडलं, बाबा तुम्ही बसा ना आधी, असं म्हणायला, पण रस्सा इतका चांगला झाला होता की तोंडात घास होता. बिनतेलाच्या भोपळ्यावर मीही कितीतरी दिवस काढले होते.

सगळ्यांचं झालं. भिंगरीची ताटली साफ, आणि या खेपेला तिने फक्त स्वतःचंच खाल्लेलं. मी घासणी घेऊन भाताच्या पातेल्याकडे वळले. तळाला भात जरा लागला होता, पाणी भरून ठेवावं म्हणून नळ सोडणार तोच बाबा म्हणाले, “थांब, थांब! ते घासू नकोस.”

पातेलं त्यांनी माझ्या हातातून घेतलं. ओट्यापाशी उभं राहून चमच्याने खरवड काढायला लागले. आमचा चमचा बिचारा वाकला. थोडी खरवड निघाली, तिच्यावर त्यांनी तळाचा रस्सा ओतला आणि उभ्या उभ्या तोंडात टाकली. कुर्रकन आवाज आला. मग पुन्हा चमचा पातेल्यात गेला.

मी नळापाशी घासणी धरून पुतळ्यासारखी उभी. नवरा काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

“चव नाही,” बाबा पातेल्याशी बोलल्यासारखं बोलले. “पण कुरकुरतंय.” आणखी एक घास. “आम्हा स्वयंपाक्यांचं असंच. शेवटची पाळी जेवून गेली, हंडे रिकामे झाले, की मग आपली भूक लागायची. तोवर लागतच नाही. लागूच द्यायची नसते, नाहीतर हात कसा चालेल? तुझी सासू खिडकी बंद करून, कूपनं बांधून यायची. दोघं हंड्याच्या दोन बाजूंना उभं राहून खरवड खायचो. ती म्हणायची, चांगलं ते सगळं गेलं, उरलं ते आपलं लग्न.” ते हसले. “तू मला सगळ्यांच्या आधी बसवतेस. मला वाटतं, अरे, अजून कुणीच जेवलेलं नाही, तुमचं तर अजून गॅसवर आहे. माझा घासच उतरत नाही.”

गरम, ताजं, पहिलं, मानाने. मी घासणी खाली ठेवली आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले. मागून नवरा विचारतोय, “आता काय करतेस?” लांब दांड्याचं उलथनं जुन्या सुटकेसच्या मागे पडलं होतं. ते पुसून मी बाबांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेऊन एकदा तोललं, पातेल्यात घातलं, आणि एका खरडीत सगळी खरवड अख्खीच्या अख्खी उचलली, टोपीसारखी. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मी पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि एक तुकडा मोडून घेतला. पोट भरलेलं होतं, पण ते काय सांगायची वेळ होती?

दुसऱ्या दिवशीपासून आमच्या घरात पाळ्या सुरू झाल्या. पहिल्या पाळीला आम्ही, वाढायला बाबा. भात मी मुद्दाम जरा लागू देते, शेजारीण वास आल्यावर खिडकीतून विचारते, “करपलं का गं?” मी म्हणते, “हो, मस्त करपलंय.” दुसरी पाळी बाबांची, ओट्यापाशी, उभ्याने. पाय दुखले तर उंच स्टूल आहे. सोबत कुणीतरी एक जण असतोच, दुसऱ्या बाजूला. तेलही आलं, मीठही आलं, डॉक्टरीणबाईंना विचारून. आणि साहेबांना बढती मिळाली. आता साहेब ओट्याच्या पलीकडे उभे राहतात, ती उष्ट्या ताटांची खिडकी. आजोबांचं ताट तिथे परत येतं, साहेब त्यात नाक घालून बघतात. एक शीत दिसलं तरी “नापास!” आणि ताट परत. आजोबा सलाम ठोकतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी कधी बाबा पातेल्यापाशी नुसते उभे राहतात, दुसऱ्या बाजूला बघत. अशा दिवशी खरवडही तशीच राहते. पण चवी मात्र एकेक करून परत यायला लागल्यात, रुसून गेलेले पाहुणे यावेत तशा. एका दुपारी ते माझ्या कामाच्या खोलीत येऊन दारात उभे राहिले, हातात लिंबाची फोड. “आलं गं,” म्हणाले. “लिंबू आलं परत.” मग काही दिवसांनी मिरी आली. मीठ अजून यायचंय. रस्त्यात आहे म्हणतात.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बाबा काट्यावर चढायच्या आधीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “खिसे.” बाबांनी दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले, सशाच्या कानांसारखे. साहेबांनी स्वेटर उचलून आत बघितलं. आकडा वर गेला होता. फार नाही, एका बत्त्याएवढा. पण तो बत्ता आता अंगावर होता. नळीचं नाव निघालं नाही. घरी येऊन बाबांनी पट्टा लपवलेल्या जागेतून काढला आणि एक भोक मागे बांधला. खिळ्याने पाडलेली भोकं बुजवायला काय वापरतात, असं साहेबांना विचारत होते.

बालवाडीच्या फाटकापाशी बायका अजून लाल ताटल्यांबद्दल विचारतात. त्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तुम्हाला मात्र सांगते. तुमच्याही आतल्या खोलीत, वरच्या मजल्यावर, नाहीतर फोनच्या पलीकडे कुणीतरी असेल. ‘जेवलात का’ असं विचारू नका, ‘हो’ म्हणायला त्यांचं काहीच जात नाही. रिकामं ताट बघून परत फिरू नका. हे वाचणं बाजूला ठेवा, उठा, आणि त्यांच्याकडे जाऊन पट्ट्याची भोकं बघा, कॉलरमध्ये मान हलते का बघा, कवळी डुलते का विचारा. म्हणा, भूक लागलीय, मला वाढा. तुम्ही जेवा, मग पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा. आणि हो, निघताना खिसेही चाचपून बघा.